अल्बिन कुबेनाची थर्मल दुर्बीण

अल्बिन कुबेनाने बायको एका संध्याकाळीत पसंत केली होती. बंदुकीवर बसवायची दुर्बीण पसंत करायला मात्र त्याला साडेतीन महिने लागले. ती बायको, व्हेर्ना, हे भेटेल त्याला ऐकवायची, आणि अल्बिन तितक्याच गांभीर्याने म्हणायचा, "तेव्हा माहितीपत्रकं कुठं होती?"

दुर्बिणीची गरज होती, हे खरं. टेक्सासच्या या भागात मका पेरला की त्याच रात्री ओढ्यातून रानडुकरं वर येतात आणि यंत्राने पेरलेल्या ओळी धरून दाणा न् दाणा खाऊन जातात. मागच्या साली अल्बिनला एकच शेत दोनदा पेरावं लागलं. दिवसा ती झाडीत गाढ झोपलेली, आणि रात्री माणूस आंधळा. तेव्हा अंधारात दिसेल अशी एखादी दुर्बीण आणली की झालं. पण सोप्या गोष्टीला सोपी राहू देणं अल्बिनच्या स्वभावातच नव्हतं.

मिल्टन यानेकच्या बियाणं-खाद्याच्या दुकानात रोज सकाळी सहाला म्हाताऱ्यांचं टेबल भरतं. फासे टाकायचे, हरेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. त्या टेबलावर अल्बिनने हिवाळाभर दुर्बिणींचा वर्ग घेतला. कोणी विचारलं नव्हतं. इमिल मारेकने तर एकदा फासे हातात धरून विनवलं, "अल्ब्या, आज मी मुद्दाम हरतो, पण तू गप्प बस."

शेवटी मिल्टननेच दोन दुर्बिणी काउंटरवर मांडल्या.

"हे बघा काका, ही नाइट व्हिजन. असेल तेवढा उजेड वाढवते, आणि कमी पडला तर आपल्याला न दिसणारा दिवा लावते. दोनेकशे यार्डांवर जनावराचं तोंड दिसेल, कान दिसतील, ठिपका असला तर ठिपका दिसेल. पण धुकं पडलं किंवा उंच गवत आडवं आलं की कारभार आटोपला. आणि ही थर्मल. हिला उजेडाशी देणंघेणं नाही, अंगातली ऊब तेवढी दिसते. गवतात दडलेला ससासुद्धा लखलखतो. फक्त तो ससा आहे की कुणाची मांजर, ते लांबून सांगणार नाही."

"हिच्यावर दोन हजार यार्ड लिहिलंय."

"ते तिथं काहीतरी गरम आहे, एवढं कळण्याचं अंतर झालं. काय आहे ते कळायला फार जवळ यावं लागतं. माझं ऐका, ही नाइट व्हिजनच घ्या. तुमच्या शेताला पुष्कळ झाली."

"मिल्टन, मी डुकरांत जन्मलो, डुकरांत वाढलो. डुक्कर कसं असतं ते मला दुर्बिणीने शिकवायचं?"

मिल्टनने थर्मल बांधून दिली. गिऱ्हाइकाशी वाद घालून दुकान चालत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. कुबेनांच्या घरी बैल नव्हता. डुक्कर मात्र होतं.

ते अल्बिनच्या नातीचं, टेसाचं. ओढ्यापलीकडच्या मुलाच्या घरी राहणारी ही पंधरा वर्षांची पोर म्हणजे अल्बिनचा जीव की प्राण. साऱ्या जगाला शिकवणारा हा माणूस तिच्यापुढे मात्र ऐकून घ्यायचा. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात उतरवायचं म्हणून तिने सहा महिने एक डुक्कर पाळलं होतं. अंगाने काळंभोर, खांद्यांवरून पाद्र्याच्या उपरण्यासारखा पांढरा पट्टा, म्हणून नाव बिशप. ती त्याला आंघोळ घालायची, तेल लावायची आणि रोज संध्याकाळी बारीक काठीने हाकत रस्त्यावरून फिरवायची. प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. आपली नात पहिल्या बक्षिसाची निळी फीत घेऊन येणार, हे अल्बिनने टेबलावर आधीच जाहीर करून टाकलं होतं.

पेरणी झाली त्या रात्री तो बंदूक घेऊन ट्रकमध्ये बसला. कळप आलाच नाही. बऱ्याच वेळाने ओढ्याच्या बाजूने एकच डुक्कर आलं, दुर्बिणीत अंगच्या उबेने नखशिखांत पांढरं. अल्बिनला इतका आनंद झाला की त्याने श्वास रोखला. एका गोळीत काम झालं. रानडुक्कर मारलं की ते तिथंच गिधाडांसाठी टाकून द्यायची इथली रीत, त्यामुळे तो परस्पर घरी गेला. गाढ झोपलेल्या व्हेर्नाला उठवून त्याने सगळं सांगितलं. दुर्बिणीने आपोआप टिपलेलं चित्रण टेबलावरच्या सगळ्यांना पाठवल्यावरच त्याला झोप आली. हात दाखवून अवलक्षण ते असं.

सकाळी फोन या हातातून त्या हातात फिरत होता.

"काही म्हण अल्ब्या," इमिल म्हणाला, "नेम बाकी तरुणाचा आहे. पण हे डुक्कर फोटो काढून घ्यायला आल्यासारखं काय उभं राहिलंय?"

"तेच तर! ट्रकचं दार वाजलं तरी पळालं नाही. उलट दोन पावलं पुढे आलं, आडवं उभं राहिलं आणि म्हणालं, मार बाबा."

टेबल खो खो हसलं. एवढ्यात दार ढकलून टेसा आत आली. बूट चिखलाने भरलेले, डोळे सुजलेले, हातात एक कागद.

"आजोबा, बिशप गेला. रात्री रानडुकरांनी कुंपण उचकटलं, त्या भोकातून बाहेर पडला. मी चार वाजल्यापासून शोधतेय." तिने कागद दुकानातल्या सूचनांच्या फळ्यावर टाचला. हरवला आहे, काळा, खांद्यावर पांढरा पट्टा. "ओढ्यापर्यंत पावलं आहेत. पुढे पाणी."

अल्बिनच्या हातातला कप टेबलावर टेकला. कॉफी सांडली, ती त्याने पुसली नाही.

"मिळेल गं पोरी," इमिल म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. "तोवर आजोबांचा पराक्रम बघ. तुझं कुंपण मोडणाऱ्यांतला एक कमी झाला." आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला. तो हिसकावून घ्यावा असं अल्बिनला फार वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

टेसाने चित्रण पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"याची मान वर आहे," ती म्हणाली.

तिने चित्रण तिथेच थांबवलं.

"रानडुक्कर नाक जमिनीला लावून चालतं. मान वर धरून चालायला मी शिकवलं त्याला. आणि समोर माणूस दिसला की आडवं उभं राहायचं. परीक्षक बघतात ना, तसं."

"टेसा बाळ, थर्मलमध्ये पट्टा दिसत नाही गं," अल्बिन म्हणाला. साडेतीन महिन्यांत मिळवलेल्या विद्येतलं हे एकच वाक्य त्याला आठवलं, आणि ते तोंडातून निघताच त्याला स्वतःची शिसारी आली.

"कुठे पडलाय?"

"खालच्या शेतात. ओढ्याच्या कडेला."

"तुम्ही जवळ जाऊन बघितलंत?"

"नाही."

टेसाने फोन इमिलच्या हातात परत दिला. फळ्यापाशी जाऊन तिने एकेक टाचणी उपटली, कागदाची घडी केली, खिशात घातली आणि मिल्टनला विचारलं, "काका, फावडं द्याल का?"

अल्बिन उठायला लागला.

"तुम्ही कॉफी प्या, आजोबा," ती म्हणाली.