डाव्या पायाचा ब्रेक

नागपुरात जुन्या मोटारसायकलवाल्यांचं एक मंडळ आहे. त्या मंडळात साठीच्या आतला माणूस औषधालाही सापडत नाही. दर रविवारी सकाळी ही मंडळी बेशाच्या एका शाळेच्या मैदानावर आपापल्या फटफट्या घेऊन जमतात, गाड्या पुसतात, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात, झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे हाणतात आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी पळतात. तेवढा वेळ नवरा पायात पायात येत नाही म्हणून घरच्याही खूष. सगळं कसं छान चाललं होतं. फक्त गेल्या काही वर्षांत गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि माणसं कमी व्हायला लागली, हे कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून मग तरुणांना ओढायचं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष चंपतराव. काटोलकडे संत्र्याच्या बागा, गाडी जावा, आणि आवाज गाडीहून मोठा. त्यांनी एका कॉलेजात जाऊन कार्बोरेटरच्या इतिहासावर व्याख्यान दिलं. चार मुलं आली होती. त्यातली दोन हॉलमध्ये एसी आहे म्हणून आली होती आणि झोप झाल्यावर निघून गेली. मग खजिनदार रुपरावांनी इन्स्टाग्रामवर मंडळाचं खातं उघडलं आणि त्यावर रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात घालायला सुरुवात केली. शेवटी प्रदर्शन भरवलं. गाड्या आरशासारख्या घासल्या, भोवती दोरी बांधली आणि दोरीला पाटी लावली, ‘हात लावू नये’. मुलं आली, दोरीला टेकून फोटो काढले आणि गेली.

“आजकालच्या पोट्ट्यायले कशातच गोडी नाही,” चंपतराव म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं, कारण दोष बाहेरच्यांचा निघाला होता.

प्रेमानंदांना मात्र हायसं वाटलं नाही. ते कळमन्याच्या बाजारातली नोकरी करून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. कधी कोणाशी आवाज चढवून बोलले नाहीत, कारण ते काम त्यांची बुलेट करायची. ह्याच बुलेटवरून ते उजाडायच्या आत धान्याच्या लिलावाला जात. ह्याच बुलेटवरून त्यांनी सिंधूताईंना माहेराहून पहिल्यांदा घरी आणलं होतं. टाकीवरचा काळा रंग आणि त्यावरची सोनेरी रेघ कारखान्यातून आली तशीच होती, आणि मंडळातले लोक त्या रेघेचं नाव आदराने घेत. पण आता प्रेमानंदांचा उजवा गुडघा कामातून गेला होता, आणि बुलेट काही बटणावर चालू होत नाही. ती किक मागते.

त्यात मंडळाचा एक नियम होता. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून गाड्यांची फेरी काढायची, आणि त्या दिवशी ज्याने स्वतः किक मारून गाडी चालू केली, त्यानेच ती चालवायची. धक्का चालत नाही, उसनी किक चालत नाही. गेल्या वर्षी प्रेमानंदांनी कशीबशी किक मारली होती आणि नंतर आठवडाभर पलंग सोडला नव्हता. मुलगा पुण्याला, त्याला गाडीत रस नाही. तेव्हा वर्धा रोडवर नवीन हॉटेल काढणाऱ्या धर्मेंद्रने गाडी मागितली. दारात उभी करायची म्हणत होता, रंगीत दिवे सोडून. प्रेमानंदांनी बरेच दिवस टाळलं आणि शेवटी शब्द दिला की, फेरीच्या दिवशी टेम्पो घेऊन मैदानावर ये. माझी गाडी फेरीत निघाली नाही, तर घेऊन जा.

“निदान लोकं पाहतीन तरी तिले,” असं ते सिंधूताईंना म्हणाले खरे, पण म्हणताना फडक्याने टाकी पुसत राहिले.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात गुंजन नावाची मुलगी त्यांच्या गुडघ्याला व्यायाम द्यायची. उमरेडकडच्या शेतकऱ्याची पोर, नुकतीच फिजिओथेरपी शिकून लागलेली. बोलायला तिखट.

“काका, काय केलं या गुडघ्याचं? मागच्या हप्त्यात तं बरा होता.”

“काही नाही वं. एक किक मारली.”

“एकच?”

“सात-आठ असतीन.”

गुंजनने जे सुनावलं ते बाजूच्या खाटेवरच्या पेशंटनेही मुकाट्याने ऐकून घेतलं. सुनावून झाल्यावर मात्र तिने विचारलं, “पण किक मारण्यात असं आहे काय? माझ्या स्कुटीले बटन आहे. दाबलं की झालं.”

असा प्रश्न प्रेमानंदांना आजवर कोणी विचारला नव्हता. गुडघ्याला शेकाचं यंत्र लावलेलं असताना त्यांनी हवेत हातवारे करत सगळं समजावून सांगितलं आणि रविवारी मैदानावर यायचं आमंत्रणही दिलं. गुंजन आली. प्रदर्शनापासून तशीच राहिलेली दोरी पाहिली, पाटी वाचली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “काका, तुम्ही लोकायले जेवाले बोलावता आन् ताटावर झाकण ठेवता. कोण येईन?”

“मंग काय करावं?”

“मले किक मारू द्या ना.”

बुलेटवाला दुसऱ्याला एक वेळ घराची चावी देईल, पण आपली किक देणार नाही. प्रेमानंदांनी पोटच्या पोरालाही ती दिली नव्हती, आणि आता कधी कधी त्यांना वाटायचं की तिथेच आपलं चुकलं. ते म्हणाले, “घरी ये. इथं नको. इथं सारे सल्ले देतीन.”

बेशातल्या त्यांच्या घराच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. किक हळूहळू खाली न्यायची. हेडलाइटवरच्या मीटरचा काटा मधोमध आला की हँडलजवळची छोटी कळ दाबून किक अजून बोटभर सरकवायची. कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, जीव ओतून. काटा चुकला की गाडी किक उलटी मारते. गुंजनच्या पोटरीला पहिल्याच दिवशी काळंनिळं झालं.

सिंधूताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “इतके वर्षं मले फडक्याशिवाय हात लावू देला नाही, आन् आता मीटरचा काटा दाखवून राहिले!”

“तुले कधी शिकाचं होतं?” प्रेमानंद म्हणाले.

“इचारलं होतं का कधी?”

तेवढ्यात बुलेट धडधडली आणि प्रेमानंदांची सुटका झाली. गुंजनने अशी आरोळी ठोकली की शेजारचे लोक गच्चीवर आले. प्रेमानंदांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला परत बंद करून परत चालू करायला लावली, आणि मग पुन्हा एकदा.

मंडळाच्या बैठकीत बराच खल झाला. गाडी मालकाची असली तरी किक गुंजनची, म्हणजे फेरीत ती चालवणार, आणि ह्यात नियम कुठे मोडत नाही, हे प्रेमानंदांनी शांतपणे मांडलं. दोरी सोडा, हेही मांडलं. चंपतराव कुरकुरले, पण नियम त्यांनीच केलेला असल्यामुळे त्यांची पंचाईत झाली. दोरी सुटली.

फेरीच्या सकाळी गुंजन एकटी आली नाही. धंतोलीतल्या दवाखान्यांतले नर्स, लॅबवाले, दोन शिकाऊ डॉक्टर अशी दहाबारा जणांची पलटण घेऊन आली. एवढे काळे केस मैदानावर पाहून रुपराव तर भांबावूनच गेले. फाटकाशी धर्मेंद्रचा टेम्पो उभा होता. प्रेमानंदांनी तिकडे पाहायचं टाळलं.

गुंजनने हेल्मेट चढवलं. भोवती सगळं मंडळ गोळा झालं आणि जो तो सांगायला लागला. काटा पाह्य. घाई नको करू. कळ सोडाले विसरशीन. गिअर उजव्या पायात आहे, वर उचलला की पहिला. गावी मोठ्या भावाची मोटारसायकल चालवत असल्यामुळे गुंजनला बाकीचं येत होतं. तिने काटा पाहिला, कळ दाबली, सोडली आणि एका किकेत बुलेट बोलायला लागली. टाळ्या पडल्या. पलटणीने शिट्ट्या मारल्या. मैदानाला एक चक्कर मारून फेरीच्या रांगेत उभं राहायचं होतं, तेव्हा गुंजन ऐटीत निघाली.

चक्कर छान झाली. रांगेपाशी आल्यावर तिने थांबायला म्हणून ब्रेक दाबला. म्हणजे तिला तसं वाटलं. भावाच्या गाडीच्या सवयीने तिने दाबला तो उजवा पाय, आणि त्या गाडीच्या उजव्या पायात होता गिअर. पहिल्यातून दुसरा पडला, गाडीने उडी घेतली. गुंजनने घाबरून आणखी जोरात दाबला, तर तिसरा पडला. लोक बाजूला झाले. पोह्यांचं टेबल कुठे जाणार? बुलेट टेबलावर गेली, टेबल आडवं झालं आणि त्याच्या लोखंडी कडेवर टाकी आदळून गाडी हिरवळीवर लवंडली.

गुंजन एका बाजूला पडली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होती. पातेलंभर तर्री मातीत जिरत होती.

चंपतरावांनी हात झटकले. “म्हणून म्हणत होतो, दोरी राहू द्या! खेळणं आहे का हे?” पलटण दोन पावलं मागे सरकली. दोघं-तिघं तर स्कुट्यांकडे निघालेसुद्धा.

धर्मेंद्र पुढे आला. माणूस वाईट नव्हता, समजूत घालायच्या सुरात म्हणाला, “काका, डेंट असू द्या. मले शोभेलेच तं ठेवाची आहे. चढवू का टेम्पोत?”

प्रेमानंदांनी गाडी उभी करून घेतली आणि टाकीवर हात फिरवला. सोनेरी रेघ जिथे होती तिथे आता वाटीएवढा खड्डा होता. त्यांना वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं. इतकी वर्षं त्यांनी त्या रेघेवर पावसाचा थेंब वाळू दिला नव्हता.

“काका,” गुंजन रडत म्हणाली, “मी ब्रेक दाबला होता. खरंच दाबला होता.”

“कोणत्या पायानं?”

“उजव्या.”

प्रेमानंदांचा हात टाकीवरच थांबला. “बुलेटचा ब्रेक डाव्या पायात आहे, हे तुले कोणी सांगतलं होतं?”

गुंजनने नाही म्हणून मान हलवली.

प्रेमानंद मंडळाकडे वळले. “चंपतराव, तुमी सांगतलं? रुपराव, तुमी?” रुपरावांनी चंपतरावांकडे पाहिलं, चंपतरावांनी आपल्या बुटांकडे. काटा सगळ्यांनी सांगितला होता, कळ सगळ्यांनी सांगितली होती. ब्रेक एकानेही सांगितला नव्हता, कारण ब्रेक डावीकडे असतो हे सांगायची गोष्ट आहे, असं ह्या जुन्या खोडांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांचे पाय कधीच विचारत नव्हते.

“मी पंधरा दिवस शिकवलं हिले,” प्रेमानंद म्हणाले. “गाडी चालू कराची शिकवली, थांबवाची नाही. आन् आपण म्हणतो पोट्ट्यायले गोडी नाही! आपण सारे एक दिवस मरून जाऊ गा चंपतराव, आन् ब्रेक कुठं होता, हे कोणाले माहीतच राहणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा प्रेमानंदांचा आवाज चढला होता. चंपतराव काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना एकदम हसू फुटलं. “आन् मी कार्बोरेटरचा इतिहास सांगून आलो गा!” म्हणत पोट धरून हसले. मग रुपराव हसले, मग पोहेवालाही हसला, ज्याला हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“धर्मेंद्र, टेम्पो रिकामा ने बाप्पा,” प्रेमानंद म्हणाले. “माझी चूक झाली. ही गाडी दारात नाही उभी राहणार. गुंजन, मार किक.”

“मी? आता?”

“मंग कोण? माझी किक तं तूच बंद केली.”

गुंजनने कोपर पुसलं. पहिली किक फुकट गेली. दुसऱ्या किकेला बुलेट बोलली. तिकडे चंपतरावांनी स्कुटीवर बसायला निघालेल्या शिकाऊ डॉक्टरला हाक मारली, “ए दादा, कुठं चालला? इकडे ये. ही जावा आहे. पहिले इचार, ब्रेक कुठं आहे.” बघता बघता प्रत्येक गाडीभोवती दोन-दोन पोरं वाकलेली दिसायला लागली, आणि म्हाताऱ्यांना आधी काय सांगू नि मग काय, असं होऊन गेलं.

फेरी तासभर उशिरा निघाली. प्रेमानंद गुंजनच्या मागे बसले. आपल्या गाडीवर मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. पण जरा पुढे गेल्यावर वारा लागला, तो ओळखीचा आवाज अंगात भिनला आणि ते सैलावले. रस्ता न बघता आजूबाजूचं बघता येतं, ही चैन त्यांना कधी ठाऊकच नव्हती.

मनीषनगरच्या वळणावर एक ई-रिक्षा वळायचं न सांगता आडवी आली. प्रेमानंदांचा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसतं पाय ठेवायचं रबर होतं. पण गाडी सावकाश, न अडखळता थांबली. त्यांनी वाकून पाहिलं. गुंजनचा डावा पाय ब्रेकवर नीट बसला होता.