शाल नको, सही दिया

महादेवाच्या शेतातलं भात पिकून आडवं व्हायला आलं होतं. यशोदा सकाळपासून कंबर मोडून कापत होती आणि शेजारी अश्विनी. चार देशांत हॉकी खेळून आलेली पोर, पण सुट्टीला आली की आईच्या वाट्याचं अर्धं भात तीच कापायची.

बांधावर महादेव आला. वॉर्डाचा पंच तो. यशोदेने लगबगीने पिशवीतला रहिवासी दाखल्याचा कागद काढला.

"दादा, उद्या शेवटची तारीख. माझ्या चेडवाक खेळाची मास्तरीण म्हणान सरकारी नोकरी गावता. पंधरा वर्सां हयच ऱ्हवता, इतकीच तुमची सही होयी. म्हयनोभर सांगतंय."

महादेव कागदाकडे बघेचना. "हिचो जन्म खंयचो?"

आता हे काय विचारणं झालं? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून यशोदा गोव्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या दोडामार्गाला गेली होती. दीड महिन्याच्या पोरीला सीमेवरून आणलं ते ह्याच बाबाच्या रिक्षातून! बारशाला आत्या नव्हती, तर ह्याच्याच बायकोने, कमलने, कानात कुर्र केलं. कापणी झाली की ह्याच शेतात माडाच्या पिड्याची, झावळीच्या जाड देठाची, स्टिक करून पोर खेळायला शिकली, ती ह्याच्याच लेकीबरोबर, गौरवीबरोबर.

"तुमीच आणलास ना तिका!"

"कागदार दोडामार्ग आसा, बाय. चौकशी इली तर मी काय सांगू?"

अश्विनीचा विळा थांबला. "काका, गौरवीनंय त्याच जाग्याक अर्ज केल्यान मा?"

"पाऊस येतलो, बेगीन आवरा," म्हणत महादेव चालता झाला.

यशोदेने कागद घडी करून पिशवीत ठेवला. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं. ज्याला बावीस वर्षं भाऊबीजेला ओवाळलं, त्यानेच असा गळा कापावा!

आणि संध्याकाळी देवळापुढे अश्विनीचा सत्कार, तोही महादेवानेच ठरवलेला. बॅनरवर पोरीपेक्षा ह्याचाच फोटो मोठा. माइक हातात आला तसा गडी रंगात आला. "ही आमच्या गावची लेक! दीड म्हयन्याची आसताना मीच रिक्षात घालून आणलंय. माझ्याच शेतात खेळाक शिकली!"

टाळ्या पडल्या. त्याने अश्विनीच्या खांद्यावर शाल घातली. तिने शांतपणे कागद उघडून पुढे धरला.

"काका, आता बोललास ताच हेच्यार लिवन दिया. पेन आसा माझ्याकडे."

महादेवाचं हसू मावळलं. "गो, ह्यो काय टायम? उद्या शुक्रवार, माका म्हापश्याक बाजाराक जावचा आसा. इल्यार बघूया."

तो परत येईपर्यंत ऑफिस बंद होणार, हे त्यालाही ठाऊक होतं. अश्विनीने शाल काढली, घडी घातली आणि त्याच्या खुर्चीवर ठेवली.

"ही तुमकाच ऱ्हवांदे. गावच्या लेकीची शाल ही. मी गावची खंय?"

कमलने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी महादेव भल्या सकाळी म्हापशाला गेला. दुपारी आभाळ भरून आलं, तशी कमल धावत दारात आली. "यशोदा, अर्धा भात उभा आसा गो! येतंस मा?"

यशोदा उंबऱ्यावर बसली होती. कागद तिच्या मांडीवर तसाच, बिनसहीचा. "मी कशी येव? मी दोडामार्गाची. विचार तुझ्या घोवाक."

कमल एकटीच शेताकडे गेली. पाऊस आला. यशोदा आत जाऊन ढसढसा रडली. बावीस वर्षांत त्या शेतातलं भात तिने पहिल्यांदाच भिजू दिलं होतं.