सिद्धदंडावरची साळुंकी

एकाहत्तर सालच्या पौषात काष्टीजवळच्या आमच्या गावात दंडीमहाराज उतरले आणि सगळं गाव हरभऱ्याच्या बांधावर हात जोडून उभं राहिलं. महाराजांनी काठीला आडवी काडी बांधली, वर लाल फडकं लावलं, काहीतरी पुटपुटले. झाला सिद्धदंड! शेतात चारपाच रोवले की हरभरा पोखरणारी घाटेअळी पळालीच म्हणून समजा. पळून जाणार कुठं, असं मी विचारलं. शाळामास्तरांना अध्यात्म कळत नाही, असं उत्तर मिळालं.

अट एकच होती. दंडावर पाखरू बसता कामा नये, विटाळ होतो. मग काय, सहादेवासारखे निष्ठावंत गोफण घेऊन दिवसभर माळ्यावर. राहीबाईला नवरा नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडं राखणीला कोण बसणार? तिचे दंड साळुंक्यांनी पांढरे करून टाकले.

महिनाभरात सहादेवाच्या हरभऱ्यात नुसती टरफलं उरली, अन् राहीबाईचे घाटे टच्च भरले. महाराजांनी ध्यान लावून निदान केलं: या बाईनं विटाळ करून साऱ्या गावाची कृपा स्वतःकडं ओढली, तिचे दंड उपटा. विटाळानं कृपा वाढते कशी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

महाराजांना पुढं घालून लोक तिच्या शेतात शिरले. राहीबाई दंडाला धरून उभी राहिली. सासूसुनेचं वर्ष त्या हरभऱ्यावरच होतं. ते पाहून माझं डोकंच फिरलं.

"उपटा," मी म्हटलं. "पण आधी एक बिडी होईस्तोवर बांधावर गप बसा."

बसले. साळुंकी आली, आडव्या काडीवर टेकली. मान वाकडी करून खाली बघितलं, झेपावली आणि चोचीत वळवळती अळी घेऊन परत काडीवर. मागून काळा कोतवाल पक्षी आला, त्यानंही तेच केलं.

"पाखरं आम्हीच धाडली," महाराज डोळे मिटून म्हणाले.

सहादेवानं हातातल्या गोफणीकडं पाहिलं. "म्हंजे तुमी धाडायची, अन् मी दिसभर हाकलायची व्हय?"

महाराजांचं ध्यान काही उतरेना. राहीबाईनं फडकं सोडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये न्या महाराज. काठी ऱ्हाऊ द्या."

पुढच्या वर्षी सहादेवाच्या हरभऱ्यात नुसत्या काठ्याच होत्या आणि गोफण खुंटीला होती. पाखराला बसायला जागा मिळाली की ते अळी टिपतं, त्याला मंत्र लागत नाही. तेव्हा बाबांनो, कुणी उपाय सांगितला तर जरूर करून बघा. फक्त त्यातली काठी कोणती अन् फडकं कोणतं, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.