प आला भेटी

मित्रांनो, हातात मावेल एवढा मी एक जुना आरसा आहे. माझा उजवा कोपरा धुरकट झाला आहे. माझ्यात पाहून कुणी केस विंचरत नाही, टिकली लावत नाही. मुलं माझ्यात आपलं तोंड बघतात आणि हरवलेली अक्षरं शोधतात.

चेन्नईतल्या पॅरीस नावाच्या बाजारात, एका अरुंद गल्लीत माझी काच कापली गेली. तिथल्याच आवडी या उपनगरातल्या नागोजीरावांनी मला सागाच्या चौकटीत बसवलं आणि घासघासून माझ्या कडा मऊ केल्या. "लेकरांच्या बोटांस लागायला नको," असं म्हणत त्यांनी मला आपल्या लेकीच्या, रंजनीच्या हाती दिलं. त्यांच्या घरात अजून तंजावरची जुनी मराठी बोलतात. रंजनी शाळेत स्पीच थेरपिस्ट. ज्यांची अक्षरं अडतात, त्यांना ती बोलायला शिकवते.

तेव्हा आठ-नऊ मुलं यायची. कुणी 'र'ला 'ल' म्हणे, कुणी पहिल्याच शब्दाशी अडखळे. चार महिन्यांत अक्षर सापडे, आणि जाताना एखादं पोर माझी पापी घेई. काच चिकट व्हायची, पण मन भरून यायचं.

मग महासाथ आली. शाळा बंद झाली आणि मी खणात पालथा पडलो. रंजनी फोनवर शिकवू लागली. तिथे आवाज आधी यायचा, ओठ मागून हलायचे. शाळा उघडली तर सगळी तोंडं मास्कआड. पारदर्शक मास्क आले, त्यांवर वाफ धरायची. मला नुसते डोळे दिसत.

साथ सरली, पण माझ्या खोलीतून काही ती गेली नाही. आज कपाटावरच्या यादीत एकतीस नावं आहेत. रंजनी दोन शाळांत धावते, डबा रिक्षात खाते. पाच-पाच वर्षांची मुलं समोर बसतात आणि माझ्यात फक्त स्वतःचे डोळे पाहतात. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं असतं, हेच त्यांना आधी शिकवावं लागतं.

अशीच आली नीलम. साथीतच जन्मलेली. एप्रिलच्या बैठकीत ठरणार होतं, ती सोबतच्या मुलांबरोबर पहिलीत जाणार की मागे राहणार. तिच्या वर्गाच्या त्रिपुरसुंदरी मिस तिला घेऊन आल्या.

"डबा खायच्या वेळी रोज 'ओळी, ओळी' म्हणते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मी लपते, तर रडायला लागते!"

तमिळमध्ये 'ओळि' म्हणजे 'लप'. रंजनीनं नीलमचा डबा हाती घेतला. झाकण घट्ट बसलेलं. आत पोळी, तशीच्या तशी.

"मिस, ती लपायला नाही सांगत. पोळी मागते! तिला झाकण निघत नाही, आणि तुम्ही कपाटामागे!"

"अय्यो! वर्षभर लपले मी!" मिसनी कपाळाला हात लावला.

नीलमजवळ 'प' नव्हता. 'ब' नव्हता, 'म'ही नव्हता. ओठ मिटून म्हणायची सगळी अक्षरं गेली होती.

रंजनीनं तिच्या आईला बोलावलं. जयवंतीबाई जळगावच्या, पेशानं नर्स.

"सासूबाई आजारी होत्या, म्हणून घरातसुद्धा मास्क लावायचे. हिला पाजतानाही. माझ्यामुळंच झालं का हो, मॅडम?"

"एवढ्या एकाच कारणानं होत नाही, अक्का. आणि त्या मास्कानं जपलंत की सगळ्यांस. आतां तोंड दाखवा तिला. आंत या."

पूर्वी आया बाहेर बाकावर बसत. आता आई आणि लेक दोघी माझ्यात मावू लागल्या, गालाला गाल लावून. रंजनी म्हणायची,

मिट बाई मिट, ओठांची पेटी,
उघड बाई उघड, प आला भेटी.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. प काही भेटीला येईना. जयवंतीबाई रात्रपाळी करून यायच्या, डोळे तांबारलेले, तरी ओठ मिटायच्या नि उघडायच्या.

मार्चमध्ये एके दिवशी नीलमनं माझ्यावरची नजर काढली. वळून आईच्या ओठांवर बोट ठेवलं. मग आपले ओठ घट्ट मिटले. माझ्या काचेवर ऊबदार वाफेचा एक ठिपका उमटला.

"प... पोळी."

जयवंतीबाईंनी पुन्हा ओठ मिटले. "पोळी," त्या म्हणाल्या, आणि ते नीलमनं नीट पाहिलं. तो ठिपका रंजनीनं पुसला नाही, आपोआप विरू दिला.

एप्रिलमध्ये ठरलं, नीलम पहिलीत जाणार आणि माझ्याकडेही येत राहणार. 'प'मागोमाग 'म' आला, 'ब' अजून यायचा आहे. त्रिपुरसुंदरी मिस तिला चिडवतात, "ओळि?" ती ओरडते, "पोळी, मिस!"

मित्रांनो, मला एक मऊ फडकं पुरतं. घरातल्या धाकट्यांचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्याशी बोलताना हातातला फोन ठेवा, खाली बसा, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणा. त्यांचा शब्द अर्धा आला तरी हसू नका, थांबा. आणि कुणी 'ओळी' म्हटलं, तर लपू नका.