बाटलीत खसखस

लाल झाकण. भिजवलेले तांदूळ. पन्नास मिलिलिटर. गोदामातली क्रेन. गूळ.

मित्रांनो, या सगळ्यांच्या मधोमध मी आहे. मी आयर्लंडमधल्या शॅनन गावातली एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे. लघवीचा नमुना सांभाळायचा, एवढंच माझं काम.

गिरीशची नोकरी गेली होती. तो बेकारभत्त्यावर होता. भत्त्यावरच्या लोकांना क्रेन शिकवणारी एक संस्था होती, पण प्रवेशाआधी नशेची तपासणी. त्यात पास झाला तर जागा, आणि पुढे नोकरीही. नमुन्यासाठी गिरीशने मला घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात.

सांगलीहून आलेल्या त्याच्या आईने, शारदाबाईंनी, मला तिथे पाहिलं. "किती गोड बाटली आहे," असं म्हणून त्यांनी दिवाळीच्या अनारशांची खसखस माझ्यात भरली. एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं.

तपासणीच्या सकाळी गिरीशने मला घाईने रिकामं केलं, कसंबसं विसळलं आणि मूळ कामाला लावलं. घरी करमत नाही म्हणून शारदाबाईही निघाल्या.

तपासणीवाल्या नोराबाईंनी मला उजेडात धरलं. "गिरीश, तळाशी हे पांढरं काय?"

"खसखस."

"म्हणजे अफूचं बी?"

"काय म्हणते रे?" शारदाबाईंनी विचारलं. "सांग तिला, चांगल्यातली आहे. काल तू बारा अनारसे खाल्लेस, तेही सांग."

"आई, जरा गप्प बस."

"का? खोटं आहे का?"

गिरीशने सगळं सांगितलं. नोराबाईंनी पेन खाली ठेवलं. खसखस खाल्ली तरी तपासणीत अफू दिसू शकते, तेव्हा पाच दिवसांनी या. तोवर अनारसे बंद.

"ऐन दिवाळीत?" शारदाबाई म्हणाल्या. "हिला आईबाप नाहीत का?"

नोराबाई मला रिकामं करून कचऱ्यात टाकणार, तोच शारदाबाईंनी त्यांचा हात धरला. "अगं, चांगली बाटली आहे."

पाच दिवस गिरीश अनारशांकडे पाठ करून जेवला. दुसरा नमुना नव्या बाटलीतून गेला. अहवाल स्वच्छ आला आणि सोमवारी गिरीश क्रेनवर चढला. त्या नव्या बाटलीचं आता कुणी नावही काढत नाही.

मी मात्र बटणं सांभाळते. चार वेळा उकळून काढलं, तरी गिरीशची बायको चित्रा मला स्वयंपाकघरात घेत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. फक्त भरण्याआधी घरात एकदा विचारा.

कारखान्यातून निघतानाच माझ्या बुडावर छापलेलं होतं: एकदाच वापरा.