वस्तीची उंची

सुनयनाने जमीन मोजायच्या दुर्बिणीला डोळा लावून तिसऱ्यांदा मोजले, तरी आकडा तोच आला. वस्ती गावापेक्षा तीन मीटर खाली होती. तिनेच केलेल्या पूरनकाशात ती दोन मीटर वर होती.

बेळगावच्या एका कंपनीत ती उपग्रहाच्या रडारवरून जमिनीची उंची काढायचे काम करी. दाट झाडी असली की रडारच्या लहरी शेंड्यांवरूनच माघारी फिरतात, म्हणून तिथे जागेवर जाऊन मोजायचे असते, हे ती नव्या लोकांना शिकवायची. वेदगंगेकाठची बावीस गावे तिने तशी मोजलीही होती. राहिले फक्त निपाणीजवळचे तिचे स्वतःचे गाव. कारण काय, तर आकडा आवडला होता. पिढ्यान्पिढ्या पुराच्या तोंडी ढकललेली आपली वस्ती पाटीलगल्लीपेक्षा उंच! वडिलांनी, भीमाप्पांनी, ते चहाच्या टपरीपासून बुद्धविहारापर्यंत सगळ्यांना ऐकवले होते. त्याच नकाशावरून पुरात हलवायच्या घरांची यादी निघाली आणि तीत वस्ती नव्हती.

आता धरणाचे पाणी सुटले होते, आणि उद्या दुपारी ते इथे पोचणार होते. सुनयनाने तालुक्याच्या कचेरीत फोन करून चूक कबूल केली. संध्याकाळी माणसे हलवायला बस येणार होती, पण वस्तीतले कोणी उठायला तयार नव्हते. शेजारची सोनुबाई तर हसलीच. वरच्या यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं काय, म्हणाली.

भीमाप्पा उंबऱ्यावर बसले होते.

"आप्पा, त्यो आकडा वस्तीवरच्या बांबूच्या बनाचा हुता. जमिनीचा न्हाय."

त्यांनी मान वर करून बनाच्या शेंड्यांकडे पाहिले.

"म्हंजी आपण खालीच."

"व्हय."

"हापिसात कुणाची चूक म्हणून सांगितलीस?"

"माझी."

"बरं केलीस."

त्यांनी धुतलेला सदरा अंगात घातला. मी सांगते, तुम्ही नका जाऊ, असे ती म्हणाली. पण ते सोनुबाईच्या दारात जाऊन उभेही राहिले.

"सोनुबाई, पोरीनं मोजलंय. आपण गावाच्या खालीच हाय. मी उगंच मिरवत हुतो. ऊठ, बोचकं बांध."

मग पुढचे दार, मग त्याच्या पुढचे. वस्तीत छत्तीस घरे होती. शेवटच्या दारापर्यंत त्यांनी त्यातले एक वाक्यही गाळले नाही.