मोहाच्या रानातले हिरवे गोरे

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या चैतात कोहमाऱ्याजवळ, आमच्या गावच्या रानात, गोऱ्या सोल्जरांचा तळ पडला आणि मी, ईश्वरदास, मालगुजाराचा मुन्शी, त्यांचा दुभाषा झालो. इंग्रजी मी गोंदियाच्या शाळेत तीन वर्षं शिकलो होतो. बाकीचं नुसत्या आत्मविश्वासावर निभावून नेत असे.

सोल्जरांना नुकतेच नवे कपडे आले होते. खाकी गेली. आता सदरा हिरवा, पाटलोण हिरवी, पट्टा हिरवा, पाण्याच्या बाटलीची पिशवीसुद्धा हिरवी. बूट कापडाचे, रबरी तळव्याचे. तोंडावर ओढायला जाळी. बर्माच्या जंगलात माणूस दिसू नये म्हणून सरकारने केलेली ही तयारी, आणि कप्तान लॉसनसाहेबांना तिचा भारी अभिमान. आमच्याकडे नवरदेवालाही कोणी एवढं सजवत नाही.

अडचण अशी, की तालमीसाठी साहेबांनी जे रान तारेने बंद केलं, त्यातच गावाचे चाळीस मोह होते. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचून वाळवली की पावसाळाभर पोटाला आधार होतो. फुलं गळण्याचे पंधरा-वीस दिवस हुकले की वर्षच हुकलं. म्हणून गावातल्या बाया टोपल्या घेऊन तारेपाशी आल्या, आणि सर्वांच्या पुढे दुर्पता. गोंडाची बाई, चाळिशीची, जिभेला लगाम नाही.

साहेब म्हणाले, आत गुप्त तालीम चालू आहे.

"गुप्त?" दुर्पता मला म्हणाली. "मुन्शीजी, साहेबाले सांगा, त्या सागाखाली दोन बसून राहिले, अना तिकडं पळसामागं एक."

मी सांगितलं. साहेबांचा चेहरा पळसाच्या फुलाइतका लाल झाला. पण माणूस दिलाचा मोठा. त्यांनी लगेच पैज लावली. रोज सकाळी बारा सोल्जर लपतील. दहाच्या शिट्टीच्या आत दुर्पताने बाराही शोधले, तर तार उघडी राहील. ज्या दिवशी एकही राहून गेला, त्या दिवसापासून तार बंद.

पहिल्या दिवशी अकरा सोल्जर तिने तासाभरात काढले. चैतात आमचं रान हिरवं नसतंच. साग उघडा, जमीन करडी, त्यात हे हिरवेगार बसलेले. बारावा मात्र हुशार निघाला. लाल कानांचा, विशीतला. दुर्पताने त्याचं नाव लालकान्या ठेवलं होतं. तो एका मोहाखाली वाळल्या पानांच्या ढिगाऱ्यात पुरता शिरला होता. गोऱ्यांनी हसून हसून एकमेकांना कोपरं मारली.

पण मोह ज्या घरचा, त्या घरची बाई फुलं पडण्याआधी खालची जागा झाडते, पानं जाळते, अंगणासारखी स्वच्छ करते. तिथे पानांचा ढीग म्हणजे घरच्या बाईची लाज. दुर्पताने तो पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, "कोण्या आळशीचं काम आहे हे?" म्हणाली आणि कमरेची आगपेटी काढून काडी ओढली.

ढिगारा आरडाओरडा करत उठला आणि पळत सुटला. साहेब खाली बसून हसले. तार उघडली.

चार दिवस असंच चाललं. टोपल्या भरत होत्या, गाव खूश, आणि मी साहेबांचा चहा पिऊन लठ्ठ होत होतो. पाचव्या दिवशी कळलं, की रविवारी ही पलटण बर्माकडे निघणार आणि तळावर लगेच दुसरी येणार, म्हणजे तार राहणारच. दुर्पता मोह वेचता वेचता मला म्हणाली, "तिकडं या पोट्ट्यायले कोण शोधते?"

"जपानी."

"सापडले तं काय करते?"

"गोळी घालते," मी म्हणालो. ती वेचायची थांबली आणि सोल्जरांकडे पाहत राहिली. मला उगाचच अपराधी वाटलं.

दुसऱ्या सकाळी तिने बाराही सोल्जर एका जागी बसवले आणि शिकवायला लागली. माझी पळापळ झाली. साबणाने अंग धुवून रानात जायचं नाही, वास येतो. सातभाई पक्षी ओरडायला लागले तर हलायचं नाही. झाडलेल्या जागेवर बसायचं नाही. "अना आधी रान पाहा, मंग कपडे. तिकडं हिरवं असंल तं हिरवं घाला. इथं चिखल फासा." साहेबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

तिचा नवरा इतवारी कपाळ धरून उभा होता. "काऊन शिकवून राहिली त्यायले? आपलीच झाडं घालवतं का?"

"झाडं पुढच्या चैतातबी फुलतीन," ती म्हणाली. "हे पोट्टे?"

शनिवारी शेवटची पैज झाली. फुलं अजून आठ दिवस गळायची होती, म्हणजे गावाचं अर्धं पीक झाडावरच होतं. दुर्पताने जीव तोडून शोधलं. मुद्दाम हरणाऱ्यांतली ती नव्हे. नऊच्या सुमारास अकरा झाले. लालकान्या काही सापडेना. तिने नाला पाहिला, वारुळं पाहिली, एकेका मोहाखाली जाऊन आली. बाया तारेपाशी श्वास रोखून उभ्या होत्या. इतवारीने तर डोळेच मिटले होते.

शिट्टी झाली. दुर्पता उभी होती तिथून दोन हातांवर चिखलाचं एक ढेकूळ हललं आणि त्यातून लालकान्या उठला. कानसुद्धा मातीचे झाले होते.

दुर्पता त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "आता जाय बाबू. मले नाही दिसला तं कोणालेच नाही दिसत. आता तू वापस येशील."

साहेबांनी विचारलं, ती काय म्हणते? एरवी मी पदरचे दोन शब्द घालायचो. त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच सांगितलं.

साहेबांनी टोपी काढली. मग त्यांनी बाराही जणांना हाक मारली आणि तार गुंडाळायला लावली.